ताळा जुळतो तेव्हा

४०२ वजा १७८. चौथीतल्या मुलीचे उत्तर आले ३७६. प्रत्येक घरात तिने मोठ्या अंकातून लहान अंक काढला होता: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. उत्तर चुकले, पण उगाच ठोकून दिलेले नव्हते. त्यामागे तिचा एक नियम होता. ‘लक्ष कुठे असतं गं तुझं?’ म्हटल्याने तो नियम काही सुधारत नाही. ‘मला गणित जमतच नाही’ एवढे मात्र मनात पक्के बसते.

*

खेळातल्या शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवली. शंभराची एक मोडून तिने दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक मोडून दहा सुटे रुपये. आता तीन शंभराच्या, नऊ दहाच्या आणि बारा सुटे. १७८ बाजूला काढले, उरले २२४. मग वहीत बेरीज करून तिने ताळा पाहिला: ४०२. ‘बरोबर आहे का?’ हे तिने कुणालाच विचारले नाही. आत्मविश्वास म्हणतात तो हाच.

*

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ या भावनेचे चार झरे सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, दुसऱ्याला जमताना पाहणे, कुणी धीर देणे आणि त्या वेळची शरीरमनाची अवस्था. सर्वांत भक्कम पहिला. घरोघरी आपली सगळी भिस्त मात्र तिसऱ्यावर.

*

हातच्याच्या वजाबाकीत अडणाऱ्या मुलांवरच शंक आणि हॅन्सन या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रयोग केला. काहींना शिक्षक गणित सोडवताना दाखवले, काहींना त्यांच्याच वयाचे मूल. बरोबरीचे मूल पाहिलेल्यांचा विश्वासही जास्त वाढला आणि गणितेही जास्त सुटली. वर्गातल्या हुशार मुलाइतकाच, कालपर्यंत अडणारा आणि आज सुटलेला मुलगा फळ्यापाशी हवा.

*

म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा अभ्यास पालकांनी जरूर लक्षात ठेवावा. ‘किती हुशार आहेस!’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढच्या अवघड कोड्यांपाशी लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली चिकाटीने लढत राहिली. हुशारीचा शिक्का बसला की तो पुसला जाण्याची भीतीही बसते.

*

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबादला वारली मुलांसाठी शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरली. ज्या जागी मूल आधीच तरबेज आहे, तिथे शिकायला बसताना ते बुजत नाही.

*

‘त्याला आत्मविश्वासच नाही’ हे वाक्य फार सोयीचे आहे. सगळा दोष मुलाच्या पदरात पडतो. आधी पाहावे: फळा नीट दिसतो का? पोटात काही आहे का? अक्षरे ओळखताना अडचण येते का? वर्गातली भाषा घरच्या भाषेहून फार वेगळी आहे का? चष्म्याची गरज असलेल्या मुलाला ‘तू करू शकतोस’ असे सांगत राहणे हा अन्याय आहे. आधी चष्मा द्यावा. मग त्याला एकट्याने पुरे करता येईल आणि स्वतःच तपासता येईल असे काम द्यावे, आणि ते होईपर्यंत मध्ये हात घालू नये.