भिंतीवरची चितार ओळी

बालमित्रांनो, नागपूरला कधी आलात तर संत्राबर्फी जरूर खा, फुटाळा तलावही पाहा. पण महाल भागातली चितार ओळी पाहिल्याशिवाय परत जाऊ नका बरं का! चितारी म्हणजे चित्रं रंगवणारे, मूर्ती घडवणारे कारागीर. त्यांची ही ओळी, म्हणजे गल्ली. गणपतीच्या आधी इथे आलात तर दारोदारी मूर्ती उभ्या दिसतील. कुणाला हात लागायचेत, कुणाचे डोळे रंगवायचे राहिलेत!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची ही प्रथा. सोबत बडगेही असतात. जवळून पाहा हं! आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, कापड आणि रंग. अशा सरमिसळीला चित्रकलेत 'मिश्र माध्यम' म्हणतात. पाब्लो पिकासो या चित्रकाराने १९१२ साली आपल्या चित्रावर वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलं आणि भोवती चक्क दोरीची चौकट केली. आज ते चित्र पॅरिसच्या संग्रहालयात आहे.

मारबत शेवटी जाळतात. रोगराई, संकटं घेऊन तिनं जावं, म्हणूनच ती केलेली असते. पण तुमच्या चित्रांचं काय? चौथीतल्या एका मुलाला मी म्हटलं, "चित्र छान झालंय, घरी घेऊन जा." तो म्हणाला, "बाई, नेऊन काय करू? रद्दीतच जातं." नंतर तो चित्रं लवकर उरकायला लागला. कुणी पाहणारच नसेल, तर जीव ओतून काढायचं कशाला?

म्हणून मुलांनो, घरातच एक छोटी चितार ओळी करा. खोक्याचे दोन मोठे पुठ्ठे घ्या. एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या येतील असे चिकटवा, म्हणजे फळा वाकत नाही. वरून जुन्या सुती साडीचा तुकडा खळीने चिकटवा. खळ मोठ्या माणसांकडून शिजवून घ्या. फळा वजनाखाली दाबून दोन दिवस वाळू द्या, मग गेरू लावा.

आता आपल्या मातीतलं सामान गोळा करा. कडेला तुराट्यांची चौकट, कोपऱ्यात कापसाचं बोंड, सागाचं वाळलेलं पान, संत्र्याच्या सालीची सूर्यफुलं. पानं आणि साली आधी वहीत दाबून पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते. जड वस्तू नुसत्या डिंकाने टिकत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या टपाटप गळतात. त्या दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवून टाका.

मधली जागा मात्र मोकळी ठेवा! तिथे दोन आडव्या सुतळ्या ताणून कपड्यांचे चिमटे लावा. चौकट कायमची, चित्रं बदलती. दर रविवारी नवं चित्र, नवी कविता, नाहीतर घडी घालून केलेला बेडूक. उतरवलेलं काम तारीख घालून फाइलमध्ये ठेवा. वर्षाने काढून पाहा, हात किती वळला ते कळेल.

पालकहो, भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नसेल, तर फळा कपाटाला टेकवून ठेवा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून तो जरा दूर हवा. आणि एक विनंती. पाहुणे आले की टीव्हीआधी हा फळा दाखवा. "हे कसं केलंस?" एवढा एकच प्रश्न विचारा. मूल मग सांगताना थकणार नाही.

चला तर मग, खोकं शोधा! आणि पहिलं चित्र कुणाचं लावायचं, यावरून ताई-दादाशी भांडू नका हं. चिमटे दोन जास्त लावा.