अर्धी भरलेली बॅटरी

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीला चार दिवसांचा मुक्काम घडला. बरोबर बहिणीचा अकरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्याबरोबर त्याची नवी बंदूक. बंदूक अर्थातच खेळण्यातली. पाण्यात फुगवलेले जेलचे मणी मारणारी, बॅटरीवर चालणारी. शस्त्राविषयी, मग ते लटके का असेना, माझ्या मनात जुनी नावड आहे. परंतु पावसाने कोंडलेल्या घरात मुलाला दुसरे काय द्यावे, हेही सुचेना. अखेर तडजोड अशी झाली की नेम पत्र्याच्या डब्यावर धरायचा, माणसावर किंवा प्राण्यावर नाही. डोळ्यांवर चष्मा लावायचा. आणि बॅटरी भरून देण्याचे काम मामाचे.

ही बंदूक म्हणजे एअरसॉफ्ट नावाच्या जपानी खेळाचे धाकटे भावंड. खऱ्या बंदुकांवर कडक निर्बंध असलेल्या त्या देशात 1970 च्या दशकात प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या प्रतिकृती निघाल्या आणि 1991 साली तोक्यो मारुई या कंपनीने विजेच्या मोटारीवर चालणारी बंदूक बाजारात आणली. आतली रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. मोटार दंतचक्रे फिरवते, चक्रे दट्ट्याला मागे ओढून स्प्रिंग दाबतात, आणि सुटलेला दट्ट्या हवेच्या रेट्याने गोळी पुढे ढकलतो. स्फोट नाही, दारू नाही. साऱ्या खेळाचा जीव त्या मुठीएवढ्या बॅटरीत.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली. बंदुकीचा चार्जर पुण्यालाच राहिला होता. पिशवीत एका जुन्या खेळण्यातल्या मोटारीचा चार्जर सापडला. पिन बसली, दिवा लागला, आणि मी निश्चिंतपणे पुस्तक उघडले. तासाभराने मुलगा म्हणाला, "मामा, बॅटरी जाड झालीये." खरेच, चपटी बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि हात लावल्यास चटका बसत होता. तो चार्जर निकेलच्या बॅटरीचा होता. ही बॅटरी लिथियमची होती. पिन जुळली म्हणजे जात जुळली, असे मी गृहीत धरले होते. बटण बंद करून, कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवून ती बॅटरी ओसरीच्या टोकाला, घरापासून दूर नेली. त्या रात्री मी दोनदा उठून पाहून आलो.

पुण्याहून दुसऱ्या दिवशी येणाऱ्या एका स्नेह्याने योग्य चार्जर आणला. मुलाजवळ दुसरी बॅटरी होती. मग आम्ही दोघांनी मिळून थोडे शिकून घेतले. निकेलच्या बॅटरीत प्रत्येक कोश 1.2 व्होल्टचा, ती तुलनेने सोशिक. लिथियमचा कोश 3.7 व्होल्टचा; आमच्या बॅटरीत असे दोन, म्हणून वर 7.4 लिहिलेले. हा कोश 4.2 व्होल्टच्या वर भरू नये आणि 3 च्या खाली उतरू देऊ नये. दोन्ही कोश सारखे भरावेत म्हणून चार्जरला जास्तीची बारीक तार असते. खेळून गरम झालेली बॅटरी निवल्याशिवाय लावायची नाही. ओली तर मुळीच नाही. ती अंथरुणावर नव्हे, फरशीवर ठेवायची, आणि भरत असताना कोणीतरी जागे, जवळ असले पाहिजे. खेळ संपला की तार सोडवायची, नळी कोरड्या फडक्याने पुसायची. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यायची. डब्याभोवती विखुरलेले मणीही आम्ही वेचून परत आणत होतो. ताम्हिणीचे जंगल 2013 पासून अभयारण्य आहे, आणि हे मणी मातीत सहजी विरत नाहीत.

मुलाला सर्वांत चमत्कारिक वाटला तो शेवटचा नियम. काही दिवस वापरायची नसेल, तर लिथियमची बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. कोशामागे सुमारे 3.8 व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धी, इतकीच ठेवावी. भरलेली बॅटरी नुसती पडून राहिली तरी आतून झिजते. "मग भरलेली असून उपयोग काय?" त्याने विचारले. मला चटकन उत्तर देता आले नाही.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा आम्ही मुळशीच्या जलाशयाकाठी गेलो. त्याला म्हटले, ही एक बॅटरीच आहे. मुळेचे पाणी पूर्वेला जायचे; धरणाने ते अडवून पश्चिमेला वळवले आणि घाटाखाली सुमारे 500 मीटरवरून भिऱ्याच्या जनित्रांवर सोडले. 1927 पासून ती वीज मुंबईला जाते. पुढे भिऱ्याला असे एक यंत्रही बसले, की जे विजेची मागणी कमी असताना पाणी उलटे वर चढवते आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडते. म्हणजे अक्षरशः चार्जिंग. त्याला हे फार आवडले. नंतरचे सांगायला मला जड गेले. या पाण्याखाली 50 च्या आसपास गावांची शेते आणि घरे गेली. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी इथे सत्याग्रह सुरू केला. त्यांच्या पुढाऱ्यांत पांडुरंग महादेव बापट होते. बाँब बनवण्याची कृती 1908 साली पॅरिसहून हिंदुस्थानात आणणारा हा माणूस मुळशीत प्रथम रिकाम्या हातांनी बसला. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यातून. अखेरीस मात्र त्यांचाही संयम संपला, त्यांनी शस्त्र उचलले आणि सात वर्षांचा कारावास पत्करला. धरण झालेच.

"त्यांची चूक झाली का?" मुलाने विचारले. मी वर्गात हा प्रश्न अनेकदा टोलवला आहे. आदल्या रात्री वाळूतल्या त्या बॅटरीपाशी उभा राहिलो नसतो, तर इथेही टोलवला असता. एवढेच म्हणालो, की माणसात जे साठते त्याला सुरक्षित वाट मिळाली नाही तर ते फुगते, आणि दोष केवळ फुगणाऱ्याला देता येत नाही. भरणाऱ्याने काय जोडले आहे, तेही पाहावे लागते.

निघण्याच्या दिवशी त्याने डब्यावर दोन शेवटच्या गोळ्या एकेक करून मारल्या, म्हणजे स्प्रिंग दाबलेली राहू नये. मग तार सोडवली, मापक लावला, आणि आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला: 7.6. बरोबर अर्धी. बंदूक त्याने पिशवीत तळाशी ठेवली. बॅटरी मात्र वेगळी, कोरड्या डब्यात, स्वतःच्या मांडीवर घेऊन तो पुण्यापर्यंत बसला.