जे आधी होईल ते

गाडी जुनी झाली की बोलायला लागते. नवी असते तेव्हा अगदी गप्प. किल्ली फिरवली की सुरू, उलटी फिरवली की बंद. सात-आठ वर्षं उलटली की मग एकेक भाग तोंड उघडतो. पावसाळ्यातल्या सकाळी फॅनबेल्ट किंचाळतो. क्लचप्लेट झिजली की चढावर जळका वास येतो. इंजिनाचं माउंटिंग गेलं की सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगबरोबर आपले दातही वाजतात. आणि सायलेन्सरच्या धुराची तर स्वतंत्र भाषाच आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये. इंजिन चांगलं तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत शिरतंय, हेड गॅस्केट बघायला हवं.

ज्यांच्या घरी पद्मिनी होती त्यांना हे सांगायला नको. भर उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ व्हायची, पंप ते पुढे ढकलू शकायचा नाही आणि गाडी थांबायची. मग पंपावर ओलं फडकं, सगळ्यांनी खाली उतरून पाय मोकळे करायचे, थोड्या वेळाने पुन्हा निघायचं. गाडीने तक्रार केली, माणसाने ऐकली, प्रश्न मिटला. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या, तेव्हा कित्येकांना भरून आलं. त्यात या फडक्याच्या आठवणींचा वाटा असणार, असं मला वाटतं.

पण आज लिहायचंय ते न बोलणाऱ्या भागाबद्दल.

आमची ठमी तुमच्यापैकी नातेवाईक मंडळींना चांगली माहीत आहे. (बाकीच्यांसाठी: ठमी म्हणजे आमची गाडी. छोटी, गोलमटोल, डिझेलवर चालणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही.) २०१३च्या दसऱ्याला बाबांनी घेतली. तिची प्रत्येक सर्व्हिसिंग कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला, ठरलेल्या महिन्यात. बाबांचा खाक्या तुम्हाला ठाऊक आहेच. सगळी बिलं तारीखवार एका फायलीत लावलेली.

तर जानेवारी २०२४ मध्ये ही गुणी गाडी नळस्टॉपच्या सिग्नलला बंद पडली. घाट नाही, ऊन नाही, वेग नाही. हिरवा दिवा लागला, बाबांनी गाडी काढली, जेमतेम दहा फूट गेली आणि इंजिन गप्प. आवाज म्हणाल तर एक बारीकसा ‘टक्’. पुन्हा किल्ली फिरवली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, पोकळ फिरला. टो करून कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्या काकांनी तो पोकळ आवाज एकदाच ऐकला, हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली आणि म्हणाले, “टायमिंग बेल्ट. आता सेल मारू नका. हेड उतरवावं लागेल.”

हा टायमिंग बेल्ट काय प्रकार आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल तर थोडक्यात सांगते. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टनना वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा बरोब्बर एक व्हायला हवा. हा ताल ज्याने राखायचा तो भाग म्हणजे दात असलेला एक रबरी पट्टा. आत काचतंतूंचे दोरे, वर रबर. आमच्यासारख्या डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर येतो तेव्हा त्याच्या आणि मिटलेल्या व्हॉल्व्हच्या मध्ये फारच थोडी जागा उरते. पट्टा तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. आमचे आठातले सहा व्हॉल्व्ह वाकले. सिग्नलच्या वेगाला!

काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ती सैल पडली की बहुतेक वेळा खुळखुळते, थंड इंजिन सुरू करताना तर विशेष. पट्टा बहुधा काहीच कळू देत नाही. प्लॅस्टिकच्या झाकणामागे असतो, कुणाला दिसतही नाही. म्हणून त्याची मुदत आधीच ठरवून देतात. गाडीगाडीप्रमाणे ती वेगळी असते. ठमीच्या पुस्तकात लिहिलं होतं : एक लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते.

मीटरवर होते बावन्न हजार. आणि वर्षं झाली होती दहा.

माझं डोकं फिरलं ते फाइल उघडल्यावर. दहा बिलं, आणि प्रत्येकावर छापील रकान्यात ‘बेल्ट : तपासला, ठीक’. मी ती गॅरेजवाल्या काकांपुढे धरली. ते हसले. म्हणाले, “ताई, हा बाहेरचा बेल्ट. फॅनबेल्ट. टायमिंगचं झाकण कधी उघडलेलंच नाही. हे बोल्ट बघा ना, धूळ तशीच आहे.”

कंपनीला पत्र लिहिलं, सगळ्या बिलांच्या प्रती जोडून. तीन आठवड्यांनी अत्यंत सभ्य उत्तर आलं. वॉरंटी संपलेली आहे, बेल्ट हा ठरावीक काळाने बदलण्याचा भाग आहे आणि तशी सूचना पुस्तिकेत दिलेली आहे. धन्यवाद. म्हणजे पुस्तिका त्यांची, दहा वर्षं सर्व्हिसिंगही त्यांच्याच दाराशी, पण पुस्तिका वाचायची आम्ही!

मग मी जरा कायदा वाचला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद त्यात आली. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, आणि बनावटीतच दोष असेल तर. झिजून तुटलेला पट्टा त्यात बसत नाही आणि ठमीची सात वर्षं २०२०लाच भरली होती. ग्राहक आयोगाचा रस्ता उरला होता. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि आमचा मुद्दा गाडीच्या बनावटीचा नसून सेवेतल्या त्रुटीचा होता. मी अर्जाचा मसुदासुद्धा केला.

बाबांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “अगं, त्यांनी किलोमीटर बघितले. सगळे किलोमीटरच बघतात.”

मला त्यांचा राग आला. असं सगळं पोटात घालणाऱ्या माणसांमुळेच यांचं फावतं, असं मी बोललेही. बाबा काही बोलले नाहीत. पण त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

२०१६ ते २०१९ आईचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून दोनदा. घरापासून हॉस्पिटल चार किलोमीटर. सकाळी सातला निघायचं, आईला आत सोडायचं, बाबा चार तास गाडीत पेपर वाचत बसायचे, मग परत. जायचे चार, यायचे चार. मी एकदा हिशेब मांडला. आठवड्याचे सोळा किलोमीटर, वर्षाचे आठशे बत्तीस, तीन वर्षांचे अडीच हजारसुद्धा पुरते होत नाहीत. आमच्या घरातली सगळ्यात मोठी तीन वर्षं, आणि मीटरवर त्यांची किंमत कोकणच्या दोन-तीन सहलींएवढी.

गाडीला मात्र ते दिवस जड गेले असणार. चार किलोमीटरमध्ये डिझेलचं इंजिन धड तापतही नाही. तापलं नाही की आतला ओलावा उडून जात नाही, ऑइल लवकर खराब होतं. त्याच काळात एकदा ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढरट थर आला होता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी घाबरवून सोडलं, हेड गॅस्केट गेलं म्हणून. तेव्हा याच गॅरेजवाल्या काकांनी झाकण पुसून दिलं आणि विचारलं होतं, “साहेब, गाडी फार जवळजवळ चालवता का?” रविवारी हायवेला तासभर फिरवून आणा म्हणाले. बाबा आईला घेऊन खंबाटकीपर्यंत जाऊन आले. गाडीच्या औषधाच्या निमित्ताने आईला वारा लागला, हे बाबा पुढे कितीदा तरी सांगायचे.

आईची किडनीही कधी बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, बऱ्याच जणांचं असंच होतं, बरंच काम थांबेपर्यंत काही जाणवतच नाही. आई तर एरवीही तक्रार करणाऱ्यातली नव्हती. बरं वाटतंय ना विचारलं की ‘हो’.

ती गेल्यावर ठमी जवळजवळ उभीच होती. मग मार्च २०२०चा लॉकडाऊन आला. उभ्या गाडीचं वय वाढत नाही असं आपल्याला उगाच वाटतं. बॅटरी उतरते, ब्रेक गंजतात, रबर कडक होतं. मीटर तेवढं जिथल्या तिथे असतं.

दुरुस्तीचा खर्च गॅरेजमध्ये एक्केचाळीस हजार निघाला. (सर्व्हिस सेंटरने सत्तर सांगितले होते.) अमेरिकेतून दादाचा फोन आला, बाबा, आता काढून टाका ती. चालू स्थितीतली असली तरी ऐंशी हजार येतील, आणि २०२८ मध्ये पंधरा वर्षं झाली की पुन्हा रजिस्ट्रेशन, तपासणी. त्याची फीसुद्धा एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झालीय. त्याचं गणित बिनचूक होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वय झालं म्हणून काढायचं ठरवलंस, तर या घरात तिच्या आधी माझा नंबर आहे.” दादा पलीकडे एवढा हसला की विषय तिथेच संपला. ठमी दुरुस्त झाली.

काकांनी पट्ट्याबरोबर त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलायला लावला. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, तो गळायला लागला तर पुन्हा सगळं उघडायची मजुरी पडते. सहा नवे व्हॉल्व्ह, हेडचं लेथवर फेसिंग, नवं गॅस्केट. आठ दिवसांनी ठमी घरी आली.

माझा अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला. बाबांना या वयात तारखांना न्यायचं नव्हतं, म्हणून मी तो दिला नाही. पण राग गेलाय असं काही नाही. बाबांचं म्हणणं पटतं, तरी ‘तपासला, ठीक’ असं दहा वेळा छापणाऱ्याला कुणीतरी विचारायला हवं होतं, हेही तितकंच पटतं. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. आज घरी गेल्यावर गाडीचं पुस्तक काढा. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी ते बघा, आणि पट्टा असेल तर त्याची वर्षं मोजा. किलोमीटर कमी झालेत म्हणून निर्धास्त राहू नका. आत्याची गाडी तर पाच वर्षं पार्किंगमध्येच आहे, तिने सगळ्यात आधी बघावं.

गॅरेजवाल्या काकांनी बॉनेटच्या आत एक स्टिकर लावून दिलाय. त्यावर पेनाने लिहिलंय : पुढचा बेल्ट फेब्रुवारी २०२९ किंवा एक लाख बावन्न हजार, जे आधी होईल ते. बाबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं, मनाशी काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाले, “फेब्रुवारी बरा. थंडी कमी झालेली असते.”