चिंचोक्यांचं खातं

“ताई, आज किती?” काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं.

“चौदा.”

माझ्यामागे हातात रजिस्टरचं पाकीट घेऊन एक आजोबा उभे होते. ते काही बोलले नाहीत. भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले, पिशवीतून पेपर काढला आणि घडी मोडली. चौदा पार्सलांना किती वेळ लागतो याचा अंदाज त्यांना माझ्यापेक्षा चांगला होता.

एक पार्सल म्हणजे काट्यावर ठेवणं, पिन टाकणं, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल. मग पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल. पाठवणारी दर वेळी मीच. तरी त्या दिवशी माझा पत्ता मॅडमनी पुन्हा पुन्हा टाइप केला. बाराव्या पार्सलाला चष्मा काढून त्या म्हणाल्या, “तुम्ही एकट्याच आमची रांग आहात. खातं का नाही काढत?”

मला वाटलं बचतीचं. म्हणाले, “आहे की, मुलीच्या नावानं सुकन्या काढलीय.”

त्या हसल्या. “ते नव्हे हो. धंद्याचं. पार्सलं रोज द्यायची, बिल महिन्यानं.”

ही गोष्ट २०२३ सालची. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, आणि आळीतल्या पाच बायका वाकळा शिवतात. पुण्या-मुंबईकडे वाकळेलाच गोधडी म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळांची नक्षी आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा. लॉकडाऊनमध्ये मी सहज एक फोटो टाकला आणि तिथून ऑर्डरी सुरू झाल्या. कुणाला मोठी वाकळ हवी, कुणाला बाळंतविड्यात द्यायला लहान दुपटं. आधी मी एका खासगी कुरियरनं पाठवायचे. शहरात माल नीट जायचा, पण गिऱ्हाईक खेड्यातलं असलं की त्याला फोन जायचा, “तालुक्याला येऊन घेऊन जा.” म्हणून पोस्टाकडे वळले. पोस्टमन दारापर्यंत जातो.

घरी येऊन खात्याचं सांगितलं, तर आत्यांचा सुईचा हात थांबला. “म्हंजे सरकार आपल्याला उधारी देतंय?”

आत्यांचा उधारीशी संबंध जुना. उसाचं बिल कारखान्याकडून येईपर्यंत घर वाण्याच्या वहीवर चालायचं. वाणी काय लिहितो ते त्यांना वाचता यायचं नाही. म्हणून त्यांनी आपली वही केली होती: चहाच्या पत्र्याच्या डब्यात चिंचोके. तेलाची बाटली आणली की एक, साखर आणली की एक. महिन्याच्या शेवटी डबा पदरात उपडा करून त्या दुकानात जायच्या. वाण्याची वही आणि आत्यांचे चिंचोके जुळले तरच पैसे सुटायचे.

“घे खातं,” त्या म्हणाल्या, “पण आपली मोजणी आपल्याकडं ठेव.” आणि तो डबा माळ्यावरून पुन्हा खाली आला. घराच्या उंबऱ्याबाहेर पार्सल गेलं की त्यात एक चिंचोका पडायचा.

खातं मिळणं अवघड गेलं नाही, फक्त कागद लागले. डाक विभागाच्या मुख्य कचेरीत मार्केटिंगचं काम बघणारे एक साहेब असतात. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आगाऊ पैसे जमा ठेवायचे आणि पार्सलं जातील तसे त्यातून वळते व्हायचे. दुसरी, बुक नाऊ पे लेटर. पोस्टातली माणसं तिला नुसतं बीएनपीएल म्हणतात. त्यात महिनाभर माल द्यायचा, बिल नंतर येतं. पण हमी ठेवावी लागते आणि दर महिन्याला ठरल्याइतका धंदाही द्यावा लागतो. सहा महिने मी पहिल्या वाटेनं चालले, मग दुसरी धरली. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि स्टँप पेपरवरचा करारनामा. करारावर सही करताना हात जरा थरथरला. शेतीच्या कर्जाच्या कागदांवर मी साक्षीदार म्हणून पुष्कळ सह्या केल्या होत्या. मुख्य नाव माझं असलेला हा पहिलाच कागद.

बारकोडांची चळत मिळाली. पुढे दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. आता पार्सलं घरूनच स्टिकर लावून न्यायची आणि सोबत एक्सेलमध्ये यादी द्यायची. मॅडमचं टाइप करणं वाचलं, ते माझ्याकडे आलं. रात्री जेवणं उरकली की मी पत्ते भरत बसायचे, आणि तेव्हा कळलं की आपली माणसं पत्ता किती मोघम सांगतात. “मारुतीच्या देवळामागं, पाटलांच्या वाड्याशेजारी.” माणसाला एवढं पुरतं, यादीला पुरत नाही. तिला सहा आकडे लागतात.

ते सहा आकडे मी आयुष्यभर लिहीत आले होते, वाचले कधीच नव्हते. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा चारात येतात. पहिले तीन मिळून टपाल कुठे छाटलं जाणार तो जिल्हा, आमचे ४१५. शेवटचे तीन थेट वाटपाच्या पोस्टाचे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवी होते. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. वृत्तात अक्षरं मोजून बसवणाऱ्या माणसानंच अख्खा देश सहा आकड्यांत बसवावा, हे शोभून दिसतं. त्यानंतर मी गिऱ्हाइकाला पत्ता विचारताना आधी पिन विचारायला लागले. पिन आणि गाव जुळलं नाही, तर पार्सल बांधायचंच नाही.

दुसरा धडा बांधणीचा. दिल्लीच्या एका बाईंची मोठी वाकळ मी छान खोक्यात घालून नेली. आत कागदाचे बोळे, वर फीत. वजन अडीच किलो. मी घरून हिशेब करून गेले होते. तेव्हाच्या दरानं हजार ते दोन हजार किलोमीटरसाठी पहिल्या अर्ध्या किलोला ८० रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०, म्हणजे २४०. वर अठरा टक्के जीएसटी धरून २८३ रुपये २० पैसे. मॅडमनी खोक्याला टेप लावली. ४५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटर. गुणाकार करून ५००० नी भागलं, आले ६.३.

“हे साडेसहा किलोत जाणार.”

“अहो, पण अडीच आहे!”

“काट्यावर अडीच आहे. गाडीत जागा किती खाणार ते बघतात. दोन्हींत जास्त असेल ते वजन धरायचं.”

६६० रुपये ८० पैसे. मी खोकं उचललं आणि तशीच घरी आले. आत्यांना सांगितलं, तर त्यांनी खोक्याकडे असं पाहिलं, जणू लग्नात कुणी पाहुण्यापेक्षा मोठी खुर्ची मांडलीय. “वाकळीला घर कशाला बांधलंस?” असं म्हणून त्यांनी वाकळ जमिनीवर पसरली, तिची चौघडी केली, गुडघा रोवून वळकटी वळली आणि सुतळीनं आवळली. मी वरून प्लास्टिक आणि जाड कापड शिवलं. टेप लावली: ४० बाय २५ बाय १२. भागाकार २.४. काट्यावर अडीच. पैसे २८३ रुपये २० पैसे.

त्या दिवसापासून खोकी बंद झाली. दुपटी स्पीड पोस्टानं जायला लागली, मोठ्या वाकळा घाई नसेल तर बिझनेस पार्सलनं, रस्त्या-रेल्वेच्या वाटेनं. तिथे तेव्हा कमीत कमी दोन किलोचे पैसे धरायचे, म्हणून अर्ध्या किलोचं दुपटं तिकडे टाकणं म्हणजे एका माणसासाठी अख्खी जीप करण्यासारखं. २०२५ च्या ऑक्टोबरात स्पीड पोस्टचे दर बदलले, माझे तोंडपाठ आकडे जुने झाले. आत्यांचा गुडघा मात्र अजून तोच आहे.

तिसरा धडा पैशांचा होता आणि तो जरा लागला. माल मिळाल्यावर पैसे, अशी सोय मी सुरू केली. आमच्या घरात त्याची जुनी आठवण होती. सासरे सांगायचे, त्यांच्या वडिलांची पुस्तकं आणि औषधं ‘व्हीपी’नं यायची, पोस्टमन दारात उभा, पैसे मोजले की पुडकं हातात. व्हीपीची पद्धत आपल्याकडे १८७७ पासूनची. पण तेव्हा कार्ड टाकून मागवावं लागायचं, तेवढ्यात माणूस दोनदा विचार करत असेल. आता बोट लागलं की ऑर्डर. पहिल्या महिन्यात बावीसपैकी सहा पार्सलं परत आली. कुणी “मी मागवलंच नाही” म्हणालं, कुणी फोन उचलला नाही. जाण्याचं भाडं गेलंच; वर परत आलेल्या वाकळा उन्हात घालून पुन्हा बांधाव्या लागल्या. ज्या बाईनं पंधरा दिवस दोरा घातला होता, तिला “तुझी परत आली” असं सांगणं मला जमेना. मी ती सोय बंद केली. ऑर्डरी थोड्या घटल्या, झोप परत आली.

आणि मग आलं बीएनपीएलचं पहिलं बिल. ओळीनं बारकोड, वजन, पिन, रक्कम. एकूण पार्सलं ५८. आत्यांनी डबा उपडा केला, चारचारचे ढीग केले. सत्तावन्न.

“एक जास्त लावलंय,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा मोजले. सत्तावन्नच. मनातून थोडी खूशही झाले, कारण सरकारी बिलात चूक सापडणं ही काही लहान कमाई नव्हे. साहेबांना अर्ज लिहायला घेतला. कुठल्या ओळीवर हरकत ते लिहायचं, म्हणून एकेक बारकोड माझ्या यादीशी लावत गेले. एका ओळीशी येऊन थांबले. पिन नऊनं सुरू होत होता.

नऊ म्हणजे सैन्याचं टपाल.

मग आठवलं. शेजारच्या गावची एक सून आली होती. नवरा फौजेत. आमच्या जिल्ह्यात हे नवल नाही. आपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. तिच्या सासूची लुगडी होती, सासू नुकतीच गेली होती. तिला त्यांची वाकळ करून नवऱ्याला पाठवायची होती. पत्ता दिला: नाव, हुद्दा, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’.

“गाव कुठलं लिहू?” मी पेन धरून विचारलं होतं.

“गाव लिहायचं नसतं,” ती म्हणाली.

सासूची लुगडी दुसऱ्या घरी न्यायला तिचा जीव होईना, म्हणून आमच्यातल्या दोन बायका तिच्याच ओसरीवर बसून ती वाकळ शिवून आल्या होत्या. शेवटच्या दिवशी मी तिथेच वळकटी बांधली, स्टिकर लावलं आणि परस्पर पोस्टात दिली. आमच्या उंबऱ्यावरून ती गेलीच नव्हती. मग चिंचोका पडणार कुठून?

आत्यांना सांगितलं. पोस्टाचं बरोबर होतं, चूक आपली. मला वाटलं त्यांना जरा वाईट वाटेल. इतक्या वर्षांत त्यांचा डबा पहिल्यांदाच चुकला होता. त्या उठल्या, फळीवरच्या पिशवीतून एक चिंचोका काढला आणि डब्यात टाकला. पत्र्यावर तो टण्णकन वाजला.

“झाले अठ्ठावन्न,” त्या म्हणाल्या. “भर जा बिल.”