पुढं का झालं?

सभ्य मराठी घरात दोन प्रकारची पुस्तके असतात. एक प्रकार काचेच्या कपाटात राहतो, दुसरा गादीखाली. आमचे वाचन गादीखालच्या पुस्तकांवर पोसले गेले, आणि आज पन्नाशी ओलांडल्यावर हे कबूल करताना आम्हाला मुळीच संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो एका वेगळ्याच गोष्टीचा. तिच्याकडे ओघाने येऊच.

आमचे बालपण गोंदियात गेले. तेव्हा गोंदिया हा जिल्हा नव्हता. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. मुंबई-हावडा मार्गावरील जंक्शन, बालाघाटकडे जाणारी छोटी लाईन, धानाच्या गिरण्या, विड्यांचे कारखाने आणि बाजारात मराठीपेक्षा अधिक ऐकू येणारी हिंदी, असे ते गाव. शाळेत पाठ्यपुस्तकातील मराठी, रस्त्यावर हिंदी, शेजारी पोवारी आणि खेड्यांतून येणाऱ्यांची झाडीबोली, अशा चार भाषांत आम्ही वाढलो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुस्तके भाड्याने देणारे एक दुकान होते. दुकान कसले, दोन फळ्या आणि एक सुतळी. सुतळीवर कॉमिक्स वाळत घातल्यासारखी टांगलेली असत आणि फळ्यांवर कादंबऱ्या. कॉमिकला दिवसाचे चार आणे, कादंबरीला आठ. एका फळीवर बाबूराव अर्नाळकर आणि नारायण धारप, दुसरीवर सुरेंद्र मोहन पाठक आणि वेदप्रकाश शर्मा. महाराष्ट्राची सीमा नकाशात कोठेही असो, आमच्या लेखी ती त्या दोन फळ्यांच्या मधून जात होती.

आता मतांकडे वळू. कारण गादीखालच्या पुस्तकांचा वाचक हा अत्यंत मतलोलुप प्राणी असतो.

अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी हा आकडा विनोदासारखा सांगितला, पण वाचकाच्या बाजूने त्याचा अर्थ निराळा आहे. हजार वेळा एका माणसाने अनोळखी वाचकाचा हात धरला आणि शेवटच्या पानापर्यंत सोडला नाही. झुंजार आणि काळा पहाड यांच्या मुंबईतील रात्री आम्ही मुंबई पाहण्याच्या कितीतरी आधी पाहिल्या. पुढे प्रत्यक्ष मुंबई पाहिली तेव्हा ती फार उजेडाची वाटली आणि आमची थोडी निराशाच झाली. गुरुनाथ नाईकांचाही आकडा हजाराच्या पुढे. त्यांच्या कॅप्टन दीपसाठी आम्ही गणिताचा एक पेपर गमावला. त्या व्यवहारात तोटा झाला असे आजही वाटत नाही. सुहास शिरवळकर आम्हाला संवादांसाठी प्रिय. त्यांची पात्रे खुलासे देत बसत नाहीत, बोलतात. आणि वाचक त्यांच्यामागे धावतो. 'दुनियादारी'मुळे, त्यातही 2013 च्या चित्रपटामुळे, ते नव्या पिढीला माहीत झाले हे उत्तमच. परंतु ज्याने दारा बुलंद वाचला नाही त्याने शिरवळकर अर्धेच वाचले, असे आमचे ठाम मत आहे.

आणि धारप! या सर्वांत आमचा कौल धारपांना. त्यांनी परदेशी कथानके घेतली हे खरे. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण भय उसने आणता येते, घर उसने आणता येत नाही. धारपांचे घर आपले असते. ओसरी, माजघर, वापरात नसलेली वरची खोली, आणि तेथे हिशेबाच्या वहीइतक्या साध्या भाषेत लिहिलेले काहीतरी अघटित. भाषा भिववण्याचा आव आणत नाही, म्हणूनच भीती वाटते.

याचा पुरावा आमच्याजवळ आहे. शेजारच्या अंगणात दुपारी विड्या वळायला बायका बसत. मांडीवर सूप, सुपात कापलेला तेंदूपत्ता आणि जर्दा, बोटे यंत्रासारखी चालू. आम्ही त्यांना धारप वाचून दाखवत असू. त्यांतील बहुतेकींना अक्षर वाचता येत नव्हते, पण त्यांच्याइतका कडक समीक्षक आम्हाला नंतर भेटला नाही. वर्णन लांबले की त्यांची आपसात बोलणी सुरू होत. गोष्ट रंगली की अंगण शांत होई, आणि आम्ही पाणी प्यायला थांबलो की एखादी काकू सुपावरची नजर न काढता विचारी, "पुढं का झालं, बाबू?" कथात्म साहित्याचे सारे शास्त्र या चार शब्दांत आहे असे आम्ही मानतो. ज्या लेखनाबद्दल हा प्रश्न कोणाला पडत नाही, त्याच्यापाशी इतर कितीही गुण असोत, एक उणीव उरतेच.

आता सुतळीवरची कॉमिक्स. 'इंद्रजाल'चा पहिला अंक मार्च 1964 चा आणि मालिका 1990 मध्ये बंद पडली. म्हणजे आमचे बालपण आणि 'इंद्रजाल' साधारण एकत्रच संपले. त्यातील बहादूर आम्हाला आवडे. आबिद सुरतींनी घडवलेला हा नायक कुर्ता आणि जीन्स घालत असे. बाप डाकू, तो पोलिसाच्या गोळीने मेलेला, आणि मुलाला वाढवले त्याच पोलीस अधिकाऱ्याने. एवढा पेच त्या काळच्या कित्येक सामाजिक कादंबऱ्यांत सापडत नाही. पुढे हिंदीत राज कॉमिक्स आले. शाळेत नागराज थोर की सुपर कमांडो ध्रुव, यावर मारामाऱ्या झाल्या. आम्ही ध्रुवाच्या पक्षाचे. अनुपम सिन्हांचा हा मुलगा सर्कशीत वाढलेला, अंगी दैवी शक्ती काही नाही. विज्ञानाचे ज्ञान आणि मोटारसायकल एवढ्यावर तो शहर सांभाळतो. ज्याच्या अंगात विष आहे त्याच्या शौर्याचे आम्हाला तेवढे कौतुक वाटत नसे.

पण सर्वांत प्रिय होता वेताळ. येथेच तो संकोच सुरू होतो.

आमच्या वर्गात सालेकसाकडचा एक गोंड मुलगा होता. वसतिगृहात राही. आम्ही त्याला वेताळ वाचायला दिला, आणि आपण फार मोठी भेट दिली या आनंदात दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली. लेखक ली फॉक यांनी 1936 मध्ये निर्माण केलेला हा नायक घनदाट जंगलात कवटीच्या आकाराच्या गुहेत राहतो. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, त्यामुळे रानातील लोक त्याला अमर समजतात. विषारी बाणांचे बुटके बांडर त्याचे रखवालदार. मित्राने पुस्तक परत केले. आवडले का, विचारले. म्हणाला, "आवडलं." मग थोडे थांबून म्हणाला, "एकवीस पिढ्या झाल्या. जंगल त्यांचं, बाण त्यांचे, मंग राजा बाहेरचा काहून?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही वेताळाच्या जागी स्वतःला ठेवून वाचत होतो. तो त्याच चित्रांत मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहत होता. पुस्तक तेच, चार आणे तेच, आणि वाचने दोन. रहस्यकथेचा एवढा अभ्यास करूनही डोळ्यांसमोरचा धागा आमच्या नजरेतून सुटला होता.

त्या दिवसानंतर आणखी एक गोष्ट लक्षात येऊ लागली. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेमुळे पुण्याजवळची फुरसुंगी आम्हाला आपल्या मामाच्या गावासारखी ठाऊक होती. अर्नाळकरांमुळे मुंबई ठाऊक होती, ध्रुवामुळे कोठेही नसलेले राजनगरसुद्धा. परंतु आमगाव, देवरी, सालेकसा यांचे नाव एकाही रहस्यकथेत आमच्या वाचनात आले नाही. किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये वैनगंगा आहे, हे कळले तेव्हा आम्ही हरखलो. पण ती नदी आमच्याकडे पोहोचण्याआधीची, वर सिवनीकडची. आमच्या जिल्ह्याच्या कडेने ती वाहते तेथे ना मोगली होता, ना कोणी गुप्तहेर. भय नव्हते असे नाही. पुढील काळात याच जंगलपट्ट्यात संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत आणि लोक दबक्या आवाजात बोलत. भयकथेला लागणारे सारे काही होते, फक्त कथा नव्हती.

आपला प्रदेश पुस्तकात भेटला तो अखेर गादीखालच्या नव्हे, कपाटातल्या पुस्तकांत. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आणि मारुती चितमपल्लींचे 'नवेगावबांधचे दिवस'. दोन्ही आम्ही रहस्यकथेच्या अधाशीपणाने वाचली, आणि रहस्यकथेचेच सुख मिळाले. माग काढणे, थांबणे, कान देणे, चुकणे, पुन्हा वळणे. वाघाचा माग काढणारा आणि खुन्याचा माग काढणारा यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. चितमपल्ली वनखात्यात असताना नवेगावबांधला राहिले. पाखरे आणि झाडे यांची नावे त्यांनी स्थानिक माणसांच्या तोंडून घेतली आणि ती तशीच मराठीत आणली. रानात माणसाची वाट चुकवणारा चकवा त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावात घेतला. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ती बातमी वाचल्यावर आम्ही ते जुने पुस्तक पुन्हा काढले, आणि त्या मित्राची आठवण झाली.

तो आता शिक्षक आहे. फोनवर आम्ही त्याला म्हटले, तू लिही. या जंगलातली एक अस्सल रहस्यकथा लिही, जिच्यात माग काढणारा तुमच्यातला असेल. तो हसला. म्हणाला, "लिहीन. पण कोणत्या भाषेत? गोंडीत लिहिली तर छापणार कोण, आणि मराठीत लिहिली तर माझी आई ऐकणार कशी?"

याही वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. मात्र बोलता बोलता त्याने सांगितले, की शेवटच्या तासाला तो मुलांना गोंडीत एक लांबलचक गोष्ट सांगतो, रोज थोडी, स्वतः रचलेली. तिच्यात एक मुलगी आहे आणि हरवलेली बैलजोडी आहे. ती शोधत मुलगी रानात शिरते. घंटा झाली की तो नेमका तेथेच थांबतो.

वेताळ आम्ही अजून जपून ठेवला आहे. प्रेम आटलेले नाही, पण आता वाचताना चित्राच्या मागच्या भागाकडेही नजर जाते. त्या संध्याकाळी मात्र वेताळाचे आम्हाला काही सुचले नाही. फोन ठेवण्याआधी आम्ही विचारले, बैल सापडले का? तो म्हणाला, ते उद्या. आम्ही पन्नाशीतले गृहस्थ, आणि आमच्या तोंडून त्या अंगणातल्या काकूचेच शब्द निघाले, "अरे पण, पुढं का झालं?"