सायगावातले मोजके तास

जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘हो चि मिन्ह सिटी’, म्हणजे व्हिएतनाममधलं जुनं सायगाव, छापलेलं होतं. सकाळी डेकवर येऊन पाहिलं, तर शहराचा मागमूस नाही. कंटेनरांच्या थप्प्या, अवाढव्य क्रेन आणि गढूळ नदी. हे फू मी बंदर. मोठी क्रूझ जहाजं इथे लागतात, शहर बसने दीड-दोन तास पुढे. परदेशात मी पहिल्यांदाच आलेली. दुपारी परतायचं, तर शहर वाट्याला येणार तरी किती?

बसमधून उतरले आणि पहिल्याच रस्त्यापाशी पाय थबकले. स्कूटर, मोटारसायकली, अखंड. आमचा गाईड म्हणाला, “एका चालीने चला. मध्येच थांबू नका, मागे तर मुळीच सरकू नका.” यजमानांनी हात धरला, “चल गं.” निघालो. चालवणारे लांबूनच आमच्या पावलांचा अंदाज घेत होते, कुणी पुढून, कुणी मागून वळून जात होतं. ब्रेक कुणीच दाबला नाही. पलीकडे पोचले तरी छाती धडधडत होती.

टपाल कचेरी 1891 साली पुरी झालेली, फ्रेंचांच्या अमलातली. गाईड मंडळी आयफेलचं नाव घेतात, पण आराखडा फूलू या वास्तुकाराचा. कमानदार छताखाली भिंतींवर जुने नकाशे रंगवलेत, शेवटी हो चि मिन्ह यांची तसबीर. आणि कचेरी चालू आहे! तिथूनच सासूबाईंना पोस्टकार्ड टाकलं. समोरच्या नोत्र दाम चर्चची दुरुस्ती चालली होती, म्हणून ते बाहेरूनच. स्वातंत्र्य प्रासादाच्या हिरवळीवर 390 आणि 843 क्रमांकांचे रणगाडे उभे आहेत. 30 एप्रिल 1975 ला, व्हिएतनाम युद्ध संपलं त्या दिवशी, फाटकावर धडकले त्यांच्याच जातीचे आणि त्याच क्रमांकांचे. तळघरात युद्धाचे नकाशे अजून भिंतींवर आहेत.

पुढे बेन थान बाजारात खरेदीला वेळ ठेवला होता. मी तो युद्धस्मृती संग्रहालयाला दिला. युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी रसायनाच्या दालनात त्याची झळ बसलेल्या मुलांची छायाचित्रं आहेत. तिथे पाय टिकेनात, पण नजर फिरवणंही बरं वाटेना. ‘रेक्विएम’ दालनात मात्र मी खिळून राहिले. इंडोचायनातल्या युद्धांत मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो, टिम पेज आणि होर्स्ट फास या सहकाऱ्यांनी गोळा केलेले. 1954 मध्ये सुरुंगावर पाय पडून गेलेला रॉबर्ट कापा, हेलिकॉप्टरसह कोसळलेला लॅरी बरोज, आणि त्यांच्याच भिंतींवर उत्तर व्हिएतनामचे छायाचित्रकार. लढताना समोरासमोर होते ते इथे शेजारी टांगलेले. बरोजच्या चौकटीत जखमी अमेरिकी सैनिक चिखलातल्या साथीदाराकडे हात पसरतो आहे. बारावीपर्यंत इतिहास शिकले, पण या युद्धाचं असं एकही तोंड मला कुणी दाखवलं नव्हतं.

“बस निघतेय,” यजमान दारातून म्हणाले. दालनातल्या शेवटच्या भिंतीवरची नावं माझी वाचून व्हायची होती. त्यांनी ड्रायव्हरला पाच मिनिटं थांबवलं आणि तेही आत येऊन वाचू लागले.