मेरियनची रोजनिशी

रहस्यकादंबरीची चर्चा आपल्याकडे बहुधा 'पुढे काय झाले?' या प्रश्नापाशी संपते. विल्की कॉलिन्सची 'द वूमन इन व्हाइट' वाचताना आम्हां दोघींना मात्र 'हे कोण सांगते आहे?' हाच प्रश्न छळत राहतो.

डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात ही कादंबरी १८५९-६० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. कोर्टात साक्षी व्हाव्यात तशी तिच्यातील माणसे आळीपाळीने निवेदन करतात. त्यांत मेरियन हॅल्कम ही सर्वांत तल्लख. रूप नाही, पैसा नाही. बुद्धी आणि धाकट्या सावत्र बहिणीवरची माया एवढेच तिचे भांडवल. बहीण लॉरा मात्र श्रीमंत. ती निपुत्रिक वारली तर तिचे वीस हजार पौंड नवऱ्याला मिळावेत, असा विवाहकरार तिच्या काकाने केवळ कटकट नको म्हणून मान्य केलेला. विवाहित स्त्रीच्या मिळकतीविषयीचा पहिला इंग्लिश कायदा १८७० चा. तोवर असा करार हाच काय तो आधार, आणि इथे तोच जिवावर उठतो.

एका रात्री मेरियन अंगावरचे घोळदार कपडे उतरवून, काळा झगा पांघरून, व्हरांड्याच्या छपरावर दबून बसते आणि खाली चाललेली लॉराच्या नवऱ्याची व काउंट फॉस्कोची मसलत ऐकते. पाऊस येतो. भिजलेल्या अंगाने, चढत्या तापात ती सारे रोजनिशीत उतरवते. अक्षर अडखळते, तुटते. लगेच खाली मजकूर येतो तो फॉस्कोचा! त्याने सारी वही वाचलेली असते आणि तो तिच्या शैलीची मनापासून प्रशंसा करतो.

कथनमीमांसेच्या तासाला हे पान वाचताना आम्ही इथे थांबतो. फॉस्कोने जे केले तेच आपणही गेली शंभरदोनशे पाने करीत आलो आहोत, तेही तितक्याच रसिकतेने, हे वर्गात कुणाच्या तरी लक्षात येते आणि शांतता पसरते. आमच्यापैकी एकीच्या घरी आईची हिशेबाची वही आहे. किराण्याच्या आकड्यांखाली मधूनच दोन ओळी स्वतःपुरत्या लिहिलेल्या. आई जाऊन बरीच वर्षे झाली. त्या ओळी अजून कुणी वाचलेल्या नाहीत.

तापातून उठलेली मेरियन खचत नाही. वेड्यांच्या इस्पितळात दुसऱ्याच नावाने कोंडलेल्या लॉराला तीच पैसे चारून सोडवते. कादंबरीतले सर्वांत मोठे साहस हेच, असे आमचे मत. पण तिच्या शब्दांत ते आपल्याला वाचायला मिळत नाही. तिची हकिकत वॉल्टर हार्टराइट थोडक्यात, आपल्या भाषेत सांगतो. ती लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत घरकाम करते आणि शोध तो घेतो. कॉलिन्सला हे खटकले असावे का? अखेरच्या पानावर वॉल्टर समारोपाचा मान मेरियनला देऊ करतो. ते वाक्यही त्याचेच आहे.